आधी दप्तर, मग नाव

(जालना जिल्ह्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांकडून होणारा अपहार : शोध आणि चौकशी' असा छापला आहे. सकाळी नाव नोंदवताना एक मावशी तो वाचून मला म्हणाल्या, "ताई, आम्ही कुठं हापिसात बसतो? हा इषय आमच्या काय कामाचा?" मी त्यांना विचारलं, "मावशी, तुमच्या रानाचं अतिवृष्टीचं अनुदान आलं का?" तर म्हणाल्या, "काय की बाई. मालकाच्या खात्यावर येतं. आलं असंल तर त्यानलाच ठावं."

मावशींचं नाव सांगत नाही, त्या इथंच बसल्या आहेत. पण माझं निम्मं भाषण त्यांनीच करून टाकलं. कापूस वेचायला बाई, सोयाबीन काढायला बाई, पावसात पीक सडलं की ते उपसून बांधावर टाकायला बाई. आणि नुकसानीचा पैसा आला की गेला, हे तिला ठाऊक नाही. ज्याला आपला पैसा किती हेच माहीत नाही, त्याचा पैसा चोरणं सगळ्यात सोपं. चोर कोणत्या खुर्चीत बसलाय हा नंतरचा प्रश्न.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. तुम्ही पेपरात वाचली असेल, पण पुरुषमंडळी चावडीवर जशी वाचतात, म्हणजे 'बघा कसे खाल्ले' म्हणून, तशी न वाचता आपण ती जरा उलगडून बघू. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात एक गुन्हा दाखल झाला. अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळात अतिवृष्टीने नुकसान झालेल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने अनुदान पाठवलं होतं. त्यातले सुमारे २४ कोटी ९० लाख रुपये बोगस लाभार्थी दाखवून लाटले, असा आरोप आहे. आरोपी २८ जण, सगळे महसूल खात्याशी संबंधित, त्यात मोठा भरणा तलाठ्यांचा. (तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं असा शासनाचा निर्णय झालाय. नाव लांबलं. आपण तलाठीच म्हणू.) आधी तक्रारी झाल्या, जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी समिती नेमली, समितीने दप्तर तपासलं, निलंबनं झाली, मग गुन्हा. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवेल. आपल्याला बघायचंय ते एवढंच की असा पैसा जातो कसा, आणि जाताना तो कुणाला दिसू शकला असता.

आकडा मोठा आहे, म्हणून तो आपल्या मापात आणू. २०२२ साली राज्य सरकारने कोरडवाहू पिकाला हेक्टरी १३,६०० रुपये आणि जास्तीत जास्त ३ हेक्टरपर्यंत मदत असा दर ठरवला होता. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याला कितीही नुकसान झालं तरी फार तर ४०,८०० रुपये. २४ कोटी ९० लाखांना याने भागलं तर सहा हजारांवर घरं निघतात, तीही पुरी तीन हेक्टरवाली. आपल्याकडं तीन हेक्टर म्हणजे साडेसात एकर कितीजणींच्या घरी आहे? हात वर करा. बघा, चार हात. दीड-दोन एकरवाल्या घरांचा हिशेब धरला तर किती हजार घरांचा पैसा होतो, तो तुम्हीच करा.

हा पैसा यायचा रस्ता असा. पाऊस झाला की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी मिळून पंचनामा करायचा. गावाची यादी करायची. त्यात शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, आधार आणि खाते क्रमांक. ही यादी तहसीलला जाते, तिथून संगणकावर चढते, वरिष्ठ आपल्या लॉगिनवरून ती मंजूर करतात. शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला सगळे व्ही. के. नंबर म्हणतात. तो घेऊन सेतू केंद्रात अंगठा लावून केवायसी करायची, मग पैसा थेट खात्यात. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. तीन माणसांनी पाहायचं, चौथ्याने तपासायचं, पाचव्याने मंजूर करायचं. हिशेबाच्या शास्त्रात याला फार मान आहे: यादी करणारा, मंजुरी देणारा आणि पैसे सोडणारा एक असू नये. एकाने चोरायचं ठरवलं तर दुसऱ्याला दिसावं.

या प्रकरणात मात्र वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड खालच्यांनी वापरले, असं तपासात पुढे आल्याचं छापून आलं. म्हणजे पाच माणसांच्या पाच सह्या एकाच खुर्चीवरून झाल्या. आमच्या लहानपणी सरपंचबाई सह्या केलेला कोरा चेक नवऱ्याकडे ठेवून द्यायच्या, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा आपण सरपंचबाईंना हसलो. आता तहसीलदार कचेरीतल्या साहेबाचा पासवर्ड कारकुनाच्या वहीत लिहिलेला असतो, त्याला कोण हसणार? पासवर्ड म्हणजे सहीच. तो दुसऱ्याला दिला की 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय होते, देणाऱ्याचीही आणि घेणाऱ्याचीही.

बोगस नावं कशी घातली जातात, याच्या तऱ्हा ठरलेल्या असतात. शेती नसलेल्याचं नाव घालायचं. एकाच माणसाला दोनदा घालायचं, एकदा या गावात, एकदा शेजारच्या. क्षेत्र फुगवायचं, एक एकराचे तीन करायचे. गायरान किंवा सरकारी जमिनीचा गट नंबर टाकायचा, कारण तिथं मालक तक्रार करायला येत नाही. पैसा ज्याच्या खात्यात जातो त्याच्याकडून निम्मा परत घ्यायचा. हे शेवटचं नीट ऐका. बोगस लाभार्थी हा बहुधा कुणाचा तरी भाचा, मेव्हणा, कुणाच्या दुकानातला पोऱ्या असतो. म्हणजे तो कुठल्या तरी घरात राहतो, आणि त्या घरात एक बाई असते. तिला कधीतरी कळतंच की आपल्याला रान नाही आणि खात्यात पैसे आले.

कचेरीतला अपहार उघडकीला कसा येतो, याचा जगभर अभ्यास होतो. अपहार-तपासनिसांची एक आंतरराष्ट्रीय संघटना दर दोन वर्षांनी अहवाल काढते. त्यांच्या २०२४ च्या अहवालात दिसतं की ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी माणसाने कानावर घातल्यामुळे उघड झाली, आणि असं सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच कचेरीतले कर्मचारी होते. हिशेब तपासनीस, ऑडिट, यंत्रं, सगळी त्याच्या खूप मागे. उघड व्हायला साधारण वर्ष लागतं. म्हणजे वर्षभर कुणाला तरी माहीत असतं. बोलायला जागा नसते, एवढंच.

१९५३ साली अमेरिकेतले डोनाल्ड क्रेसी नावाचे एक समाजशास्त्रज्ञ तुरुंगात जाऊन दुसऱ्याचा पैसा खाल्लेल्या माणसांशी बोलले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की ही माणसं जन्माची चोर नव्हती. विश्वासातली होती. म्हणून तर पैसा त्यांच्या हाती होता. त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. एक, चार लोकांत सांगता येत नाही अशी पैशाची अडचण. दोन, हाताशी संधी. तीन, मनाची समजूत: 'मी काही चोरत नाही, वापरतोय', 'परत ठेवीन', 'सगळेच घेतात', 'सरकारचा पैसा, कुणाच्या घरचा थोडाच'. माणसाच्या अडचणीला आपण काही करू शकत नाही. त्याच्या समजुतीलाही फार नाही. संधी मात्र आपल्या हातात आहे. आपण यादी वाचली तर संधी कमी होते. मावशींसारखं 'मालकाला ठावं' म्हटलं की वाढते.

हे आपल्याकडं नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू झाली. तिचा कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामाला, नालाबांधाला बायाच जास्त. आपल्या सासवा, आया त्या कामावर होत्या. तेव्हा मस्टर म्हणजे मुकादमाच्या हातातला कागद. मस्टरवर ऐंशी नावं आणि कामावर पन्नास माणसं, हे पाहणाऱ्या त्याच होत्या, कारण पाटीला पाटी लावून त्या उभ्या असत. मेलेल्याचं नाव, नांदायला गेलेल्या लेकीचं नाव, मुंबईला हमाली करणाऱ्याचं नाव. अंगठ्यांचे ठसे बघितले तर एकाच अंगठ्याचे दहा. पण त्यांच्या हातात मस्टर कुणी दिलं नाही. मस्टर म्हणजे सरकारी गुपित! राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली, तेव्हा मस्टरवरची नावं गावासमोर मोठ्याने वाचली. तेवढंच केलं. नाव वाचलं की लोक सांगायचे, हा मेला, हा इथं नव्हताच, हिला मजुरी मिळालीच नाही. त्यातून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. आपल्या महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. त्याच साली आलेल्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षणाचं कलम घातलं गेलं, ते ह्या वाचनाचंच लेकरू.

म्हणून मी सांगते, शोध लावायला सीए लागत नाही. गावची यादी लागते आणि ती वाचणाऱ्या पाच बाया लागतात. अनुदानाची यादी आणा, नाव, गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम असलेली. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हे नाव आपल्या गावचं आहे का? याला रान आहे का? रक्कम भागिले दर केलं की हेक्टर निघतात. ते त्याच्या आठ-अ च्या उताऱ्यावरच्या क्षेत्राशी जुळतात का? कोरडवाहूला ४०,८०० च्या वर रक्कम दिसली तर थांबा आणि विचारा, कारण त्या दराने ती येऊच शकत नाही. मग सगळ्या नावांच्या क्षेत्राची बेरीज करा. गावात पेरलेलं रान जितकं, त्याहून बाधित रान जास्त निघालं तर एकेक नाव बघायचीही गरज नाही. एका खाते क्रमांकावर दोन नावं, शेजारच्या गावच्या यादीत तेच नाव, हे नातलगबाया एकत्र बसल्या की पटकन दिसतं. माहेर-सासर दोन्हीकडची माणसं आपल्याला माहीत असतात. ऑडिटरला ती नसतात.

यादी मिळवण्याचंही बोलते. अनुदानाच्या योजनांत कुणाला किती दिलं, हे कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. नाही लावली तर अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांत, म्हणून फापटपसारा लिहू नका. गावाचं नाव, वर्ष, कोणत्या पावसाचं अनुदान, आणि 'मंजूर लाभार्थ्यांची यादी गट नंबर, क्षेत्र व रकमेसह' एवढं पुरे. 'घोटाळा', 'भ्रष्टाचार' हे शब्द अर्जात नकोत. कागद मागा, कारण मागू नका. दप्तर प्रत्यक्ष पाहायचंय असंही लिहिता येतं, पहिल्या तासाला पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

हल्ली एक नवं उत्तर मिळतं: 'ही वैयक्तिक माहिती आहे.' २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षणाच्या कायद्याने माहिती अधिकारातलं ते कलम बदललं आणि नाही म्हणणं सोपं झालं. पण कलम ४ गेलेलं नाही, आणि सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते हे कलम ८ (२) सुद्धा जागेवर आहे. अपिलात ही दोन्ही कलमं लिहा. आधार नंबर आणि पूर्ण खाते क्रमांक आपण मागत नाही, शेवटचे चार आकडे चालतील, असंही लिहा. बायांची खाजगी माहिती उघड्यावर येण्याचा त्रास आपण जाणतो, म्हणून त्यात आपणच काटेकोर असावं.

आणि अर्ज एकटीने करू नका. सतीश शेट्टी तळेगाव दाभाड्यात जमिनींची प्रकरणं काढत होते, जानेवारी २०१० मध्ये त्यांचा भर रस्त्यात खून झाला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली मंजूर झाला आणि अंमलात आणायचा राहून गेला. एकाच यादीसाठी पंधराजणींनी पंधरा अर्ज टाकले तर कुणाच्या दारी जायचं, हे त्यांना ठरवता येत नाही. विधवा, परित्यक्ता, एकटी राहणारी बाई, हिचं नाव पहिल्या अर्जावर ठेवू नका. ती धीट असली तरी नको.

आता दुसरी बाजू. ही सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कामात एका भागातल्या बचत गटांचे हिशेब एक मुलगी पाहायची. बारावी शिकलेली, नवऱ्याने टाकलेली, एक लेकरू. गटांच्या बाया महिन्याला पैसे द्यायच्या, ती पावती फाडायची, वहीत लिहायची आणि बँकेत भरायची. वर्षअखेरीला तेरा गटांची बेरीज आणि बँकेची शिल्लक यांत ३८ हजारांचा फरक निघाला. आम्ही काय केलं? कार्यकर्त्या आम्ही, स्त्रीमुक्तीची गाणी म्हणणाऱ्या. आम्ही तिला मासिक बैठकीत, चाळीस बायांसमोर उभं केलं आणि विचारलं, "पैसे कुठं आहेत?"

ती बोलली नाही. रडली. रडली म्हणजे खाल्ले, असा आम्ही अर्थ लावला. दुसऱ्या दिवशी गावात पैशाचं कुणी बोलतच नव्हतं. बोलत होते ते तिचं कुणाशी आहे, साडी कुणी घेतली, ती तालुक्याला कशाला जाते. पुरुषावर अपहाराचा आळ आला तर त्याच्या हिशेबावर बोलतात. बाईवर आला तर तिच्या चारित्र्यावर. हे आम्हाला माहीत होतं, तरी आम्ही तिला त्या चुलीत ढकललं. ती भावाकडे निघून गेली.

दोन महिन्यांनी आमच्यातल्या एकीने, जिला आम्ही 'किचकट' म्हणून चिडवायचो, तिने पावतीपुस्तकं, वह्या आणि बँकेच्या भरणा पावत्या एका ओळीने मांडल्या. तारखेवार. पावतीपुस्तक आणि वही जुळली, रुपयाचा फरक नाही. भरणा पावत्याही जुळल्या, सगळ्यांवर शिक्का. फरक होता तो भरणा पावत्या आणि बँकेच्या उताऱ्यात. अकरा भरणे उताऱ्यावर नव्हतेच. अकराही पावत्यांवर एकाच माणसाची सही होती. त्या शाखेत बसणारा एक कर्मचारी, सगळे त्याला भला माणूस म्हणायचे, आमच्या बायांना चहा पाजायचा. उतारा काढून बघायचं आम्हाला वर्षभर सुचलं नव्हतं, पासबुक भरून घ्यायला 'मशीन बंद आहे' म्हटलं की आम्ही परत यायचो. पैसे पुढे बँकेने भरून दिले. मुलीकडे आम्ही चारजणी गेलो, माफी मागितली. तिने पाणी दिलं, चहा दिला. कामावर परत आली नाही.

तेव्हापासून आमच्याकडं एक रीत आहे. फरक निघाला की आधी दप्तर, मग नाव. कुणावरही संशय असो, पहिल्यांदा सगळे कागद ताब्यात घ्यायचे आणि ते घेतल्याची यादी करून तिच्यासमोर सही करायची, म्हणजे पुढं तिने कागद बदलला असंही कुणी म्हणणार नाही आणि आम्ही बदलला असंही. मूळ कागदावर कुणी पेन लावायचा नाही. झेरॉक्सवर काम. मग पैशाचा रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत चालायचा: बाईच्या हातातून पावती, पावतीवरून किर्द, किर्दीवरून भरणा, भरण्यावरून उतारा. फरक कोणत्या पायरीला पडला ते सापडलं की निम्मी माणसं आपोआप सुटतात. त्यानंतरच विचारायचं, तेही दोघींनी, बंद खोलीत, तिला हवी ती एक मैत्रीण सोबत घेऊ देऊन. आरोप लेखी द्यायचा, उत्तराला वेळ द्यायचा. ती बोलली ते लिहून तिला वाचून दाखवायचं. जिने कामावर ठेवलं तिनेच चौकशी करायची नाही, जिचं तिच्याशी वाकडं आहे तिनेही नाही. सरकारी नोकराला हे सगळं कायद्याने मिळतं, महाराष्ट्र नागरी सेवा शिस्त व अपील नियम १९७९ चे आहेत, आरोपपत्र, बचावाची संधी, सगळं त्यात आहे. आपल्या संस्थेत पाचशे-हजार रुपये मानधनावर राबणाऱ्या बाईला ते का मिळू नये?

आणि खाल्लेच असतील तर? तर तिलाही सोडायचं नाही. हे मी मुद्दाम म्हणते, कारण आपल्यात दुसरं टोकही आहे. 'बाई आहे, गरीब आहे, मिटवून टाका.' गटाच्या पैशात दुसऱ्या गरीब बाईची फी असते, बाळंतपण असतं. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेत दोन हजारांहून जास्त सरकारी नोकर महिलांनी लाभ घेतल्याचं खुद्द सरकारने सांगितलं. त्यावर आपल्यातल्या फार थोड्या बोलल्या. पुरुषांनी बोगस नावं घातली की आपण मोर्चा काढतो आणि पगारदार बाईने घेतले की 'जाऊ द्या, पंधराशेच तर आहेत'. हे मला पटत नाही. पैसे परत, जबाबदारीचं काम बंद, आणि रक्कम मोठी असेल तर पोलीस. पण चार भिंतींआडचं तिचं आयुष्य त्या फायलीत येता कामा नये.

इथं दोन-तीन मुली ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये संगणकावर कामाला आहेत असं कळलं. त्यांच्याशी थोडं वेगळं बोलते. कंत्राटी नोकरी, वरून फोन येतो: 'ही यादी चढवून टाक, मी बघतो.' नाही म्हटलं तर नोकरी जाते, हो म्हटलं तर उद्या गुन्ह्यात तुमचं नाव, कारण संगणकावर बोटं तुमची. साहेब म्हणतात, माझा पासवर्ड तिनेच वापरला. सरकारी वर्तणूक नियमांतही आहे की वरिष्ठाचा आदेश लेखी असावा आणि तोंडी मिळाला तर तो नंतर लेखी करून घ्यावा. तोंडावर 'लेखी द्या' म्हणणं अवघड आहे, मला माहीत आहे. मग असं करा: काम झाल्यावर साहेबांनाच निरोप टाका, 'आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे अमुक गावची यादी आज चार वाजता आपल्या लॉगिनवरून चढवली.' नम्र आहे, तक्रार नाही, आणि तारीख-वेळ राहते. एक साधी वही घरी ठेवा, रोजच्या रोज. साहेबांनी उशिरा थांबायला सांगून पासवर्डच्या बदल्यात आणखी काही मागितलं, तर तो वेगळा गुन्हा आहे, २०१३ च्या कायद्याने जिल्ह्यात त्यासाठी स्थानिक तक्रार समिती आहे. पैशाची तक्रार आणि ही तक्रार वेगवेगळ्या कागदांवर करा. एकात घातल्या की 'हिने पैसे खाल्ले म्हणून आता हा आळ घेते' असं म्हणायला ते मोकळे होतात.

लाच मागितली तर १०६४ हा लाचलुचपत खात्याचा नंबर आहे, तो फळ्यावर लिहून ठेवते.

राहता राहिला जमिनीचा प्रश्न, तो मी सकाळच्या मावशींसाठी राखून ठेवला होता. आपल्या राज्यात १९९४ च्या जूनपासून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क आहे, देशात तो २००५ ला आला. शेतकरी संघटनेने त्याच्याही आधी लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन बायकोच्या नावावर जमीन करायला सांगितलं होतं. तरी आजही सातबाऱ्यावर बाईचं नाव लागतं ते बहुधा नवरा गेल्यावर, आणि पुष्कळदा तेही दिराच्या मर्जीने. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचं नाव यादीत आलं काय, गेलं काय, कुणाला कळणार? परत येईतो केवायसीची मुदत संपलेली. नाव नसेल तर यादीत तिला कुणी शोधणार नाही, आणि तिच्या नावाने दुसऱ्याने उचलले तर तिला कळणारही नाही.

मावशी, तुमच्या मालकांच्या आधारची झेरॉक्स आणि व्ही. के. नंबर घेऊन सेतूत गेलं की पैसे कधी पडले, कोणत्या खात्यात पडले, ते दिसतं. त्यांना सोबत घेऊन जा, लपून नको. आणि आता चहा आहे. चहानंतर गावागावाने बसायचं. अंबड आणि घनसावंगीच्या बाया या खिडकीकडे, भोकरदन-जाफराबाद त्या कोपऱ्यात, परतूर-मंठा मागे, जालना आणि बदनापूर इथं पुढं. आपापल्या गटाचं पासबुक बाहेर काढा आणि शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा. ज्यांना सहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसेल त्यांनी माझ्याकडे यायचं, पावतीपुस्तक घेऊन.